धूळ, कापूस आणि तेलाची वाटी

आमच्या मामांकडे एक ट्रॅक्टर होता. सोसायटीचे कर्ज काढून घेतलेला, म्हणून घरातल्या माणसासारखा जपलेला. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भाचेमंडळी तिकडे जमलो की ट्रॅक्टरची बारीकसारीक कामे हौसेने अंगावर घ्यायचो. एके वर्षी मामांनी एअर क्लीनरची वाटी साफ करायचे काम आमच्याकडे दिले. इंजिनाशेजारी एक उभा लोखंडी डबा, त्याच्या तळाशी चापांनी अडकवलेली वाटी, वाटीत काळे ऑइल आणि ऑइलच्या खाली चिखलासारखा गाळ. आम्ही ती घाण ओतून टाकली. वाटी रॉकेलने धुतली, फडक्याने पुसून लख्ख केली आणि जागच्या जागी बसवली. तिच्यात पुन्हा ऑइल घालायचे असते हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आले नाही. इतक्या स्वच्छ भांड्यात पुन्हा काहीतरी चिकट ओतायचे, हे आमच्या स्वच्छतेच्या कल्पनेत बसतच नव्हते.

उन्हाळी नांगरट चालू होती. ट्रॅक्टरमागे धुळीचा लोट आणि वारा उलटा असला की ट्रॅक्टर त्याच लोटात. काही आठवड्यांतच ट्रॅक्टरची ओढ कमी झाली, सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला, ऑइल जास्त लागू लागले. मिस्त्रींनी इंजिन खोलले तेव्हा पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या आणि लायनरवर उभे ओरखडे. मग त्यांनी एअर क्लीनरची वाटी काढली, तिच्या कोरड्या तळावरून बोट फिरवले आणि ते बोट मामांना दाखवले. पेरणी तोंडावर आलेली आणि ट्रॅक्टर अंगणात खोलून पडलेला. मामा आम्हाला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्याचेच जास्त वाईट वाटले.

पुढे आम्ही विज्ञान शिकलो, हवेत तरंगणाऱ्या कणांशी कामानिमित्त संबंध आला, आणि मग लक्षात आले की आमची चूक एका फार जुन्या गैरसमजातून आली होती. फिल्टर म्हणजे चाळणी, चाळणी जितकी स्वच्छ तितकी चांगली, असे आपण धरून चालतो. हवेचा फिल्टर मात्र चाळणीसारखे काम करत नाही. तो कसे काम करतो हे माणसाला हळूहळू, सुमारे दीडशे वर्षांत, अनेक अपघातांतून कळले. आज मोटारींसाठी धुऊन पुन्हा वापरता येणारे कापडी फिल्टर मिळतात. ते साफ करण्याच्या सूचना पाहिल्या तर प्रत्येक सूचनेमागे या इतिहासाचा एकेक तुकडा दडलेला दिसतो. तो इतिहास आपण पाहू.

इंजिन किती हवा पिते?

आधी थोडे अंकगणित करू, वर्गात मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान साधारण पाऊण किलो, म्हणजे लिटरमागे हवा झाली ११ किलो. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलो असते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे इंजिन सुमारे ९ घनमीटर, म्हणजेच ९,००० लिटर हवा आत ओढते! दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीतली सगळी हवा तीन-सव्वातीन लिटर पेट्रोलात संपते.

लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार १०,००० किलोमीटर चालली तर तिने सुमारे ६,००० घनमीटर हवा घेतली. हवेत घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम धूळ धरली, तर या हवेतून सुमारे ०.६ ग्रॅम धूळ आली. पण कच्च्या रस्त्यावर, पुढच्या वाहनाच्या धुळीत हे प्रमाण शेकडो पट वाढू शकते. घनमीटरमागे २० मिलिग्रॅम धरले तर तीच बेरीज १२० ग्रॅमवर जाते. म्हणजे दोन मुठी बारीक धूळ!

ही धूळ बरीचशी गारेची, म्हणजे क्वार्ट्झची असते. मोहच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे. ती काचेवर ओरखडा काढते, आणि इंजिनातल्या पुष्कळशा धातूंवरही. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो त्याची जाडी काही मायक्रोमीटर असते. साधारण ५ ते २० मायक्रोमीटरचे कण या फटीत शिरून कानशीसारखे काम करतात. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे इंजिनाचा खरा शत्रू डोळ्यांना सुटा दिसतही नाही.

कापसाचा बोळा

गंमत अशी, की हवा गाळण्याच्या शास्त्राची सुरुवात इंजिनासाठी झाली नाही, ती झाली मांसाच्या रश्श्यासाठी. रस्सा उकळून ठेवला तरी काही दिवसांत नासतो. तो आपोआप नासतो की हवेतून काही येऊन नासवते, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा वाद होता. १८५४ मध्ये हाइनरिख श्र्योडर आणि थिओडोर फॉन डुश या जर्मन संशोधकांनी दाखवले, की उकळलेल्या रश्श्याकडे जाणारी हवा कापसातून गाळून घेतली तर तो रस्सा नासत नाही. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीच्या तोंडाला आजही कापसाचा बोळा लावतात, त्याचे मूळ या प्रयोगात आहे.

पण कापसात नेमके काय अडकते? लुई पाश्चरने त्याचा फार चतुर शोध घेतला. त्याने साध्या कापसाऐवजी नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस, म्हणजे गनकॉटन, नळीत भरला आणि त्यातून पॅरिसची हवा खेचली. गनकॉटन अल्कोहोल आणि ईथरच्या मिश्रणात विरघळतो. कापूस विरघळला आणि त्यात अडकलेली धूळ तळाशी बसली. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर खनिज कणांबरोबर सूक्ष्मजीवांच्या बीजाणूंसारखे गोल कण दिसले. १८६१ मध्ये त्याने हे काम प्रसिद्ध केले.

इथे एक प्रश्न विचारायला हवा होता, तो त्या काळी फारसा कुणी विचारला नाही. कापसाच्या तंतूंमधल्या फटी या कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. मग कण अडकतात कसे? चाळणीच्या भोकांपेक्षा लहान रवा चाळणीत राहतो का?

कवडशातला अंधार

पुढची पायरी जॉन टिंडॉलने गाठली. बंद खोलीत कौलाच्या फटीतून कवडसा पडला की त्यात धूळ नाचताना दिसते, हे आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिले आहे. १८६८च्या सुमारास टिंडॉल प्रकाश आणि बाष्प यांवर प्रयोग करत होता. त्यासाठी त्याला कण नसलेली हवा हवी होती. प्रकाशाचा प्रखर झोत हेच त्याने हवेच्या परीक्षेचे साधन बनवले. हवेत कण असतील तर झोताची वाट दिसते. कण नसतील तर झोत तिथून जात असूनही ती जागा काळी दिसते. कापसातून गाळलेल्या हवेत झोत असा नाहीसा होई. २१ जानेवारी १८७० रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धूळ आणि रोग या विषयावर व्याख्यान देताना त्याने हे दाखवले.

याच कामातून पुढे टिंडॉल अग्निशामकांच्या मुखवट्याकडे वळला. लंडनच्या अग्निशामक दलातल्या लोकांना धुरात शिरता यावे म्हणून कापसाचा गाळणमुखवटा करायचा होता. पण दाट धुरापुढे कोरडा कापूस पुरा पडेना. मग त्याने कापूस ग्लिसरीनने ओलावला, आणि धूर अडवण्याची त्याची ताकद चांगलीच वाढली. ग्लिसरीन चिकट असते आणि पाण्यासारखे लवकर उडून जात नाही. या मुखवट्यात त्याने विषारी बाष्पांसाठी कोळसा आणि कार्बन डायऑक्साइडसाठी चुनाही घातला होता. धुराने भरलेल्या लहानशा खोलीत तो स्वतः मुखवटा लावून बसला आणि १८७४ मध्ये त्याने या प्रयोगांची हकिकत रॉयल सोसायटीपुढे मांडली.

आज मोटारीत बसवायचा धुण्याजोगा फिल्टर हातात घेऊन पाहा. सुती जाळीदार कापडाचे काही थर, त्यांना आधार देणारी धातूची जाळी, आणि त्या कापडाला लावलेले चिकट तेल. ग्लिसरीनऐवजी तेल एवढाच फरक. टिंडॉलचा ओला कापूस आणि हा फिल्टर यांचे तत्त्व एकच आहे.

शेतात सापडलेला शोध

मोटारी आल्या तेव्हा मात्र हे ज्ञान कुणाच्या उपयोगी पडले नाही. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डच्या ‘मॉडेल टी’ या दीड कोटी मोटारी बनल्या, पण कारखान्यातून बाहेर पडताना त्यांच्यावर हवेचा फिल्टर नसे. इंजिन झिजले की पुन्हा बोअर करून घ्यायचे, हे लोकांनी गृहीत धरले होते.

अडचण सगळ्यात आधी जाणवली ती ट्रॅक्टरवाल्यांना, कारण ट्रॅक्टर आपली धूळ आपणच उडवतो आणि आपणच खातो. अमेरिकेत १९१५ मध्ये फ्रँक डोनाल्डसन नावाचा तरुण अभियंता एका ट्रॅक्टर कंपनीचा माल विकत असे. त्याने पुढे काढलेल्या कंपनीच्या इतिहासात अशी हकिकत सांगितली जाते, की यूटामधल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर सारखा बिघडत होता. डोनाल्डसनने पाहिले, तर इंजिन धुळीने झिजत होते. त्याने तारेचा पिंजरा करून त्यावर लव असलेले जाड कापड ताणले आणि तो इंजिनाच्या हवेच्या वाटेवर बसवला. ट्रॅक्टर सुधारला. पण कंपनीला वाटले, आपल्या ट्रॅक्टरमध्ये खोट आहे असे हा माणूस गिऱ्हाइकांना सांगत फिरतो आहे. त्याची नोकरी गेली! मग त्याने वडील आणि भावाबरोबर एअर क्लीनर बनवण्याचाच धंदा सुरू केला.

कापडाचा त्रास असा, की शेतातल्या धुळीत ते लवकर चोंदते. चोंदले की इंजिनाला हवा कमी पडते आणि ते धापा टाकू लागते. यातून पुढे जी युक्ती निघाली ती म्हणजे तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर. तीच वाटी, जी आम्ही लख्ख पुसली होती.

त्याची रचना फार सुंदर आहे. हवा मधल्या नळीतून खाली येते आणि वाटीतल्या ऑइलवर आदळते. तिथून तिला एकदम उलटे वळून वर जावे लागते. हवा हलकी, ती वळते. धुळीचा जड कण तितक्या चटकन वळू शकत नाही. घाटात एस. टी. वळते आणि उभा प्रवासी बाहेरच्या बाजूला फेकला जातो, तसा तो सरळ जाऊन ऑइलमध्ये पडतो. जे कण यातून निसटतात त्यांच्यासाठी वर तारांची दाट जाळी असते. हवेबरोबर ऑइलचे बारीक थेंब वर उडतात, जाळी ओली करतात, आणि ठिबकून पुन्हा वाटीत येताना जाळीवरची धूळ धुऊन आणतात. म्हणजे हा फिल्टर चालता चालता स्वतःला धूत असतो. जड गाळ वाटीच्या तळाशी बसतो.

पण या सगळ्याला एक अट आहे. वाटीत ऑइल पाहिजे, आणि ते खुणेपर्यंतच पाहिजे. कमी पडले तर जाळी कोरडी राहते आणि धूळ सरळ इंजिनात जाते. जास्त झाले तर ऑइलच इंजिनात ओढले जाते, आणि डिझेल इंजिन त्या ऑइलवर अनावर पळूही शकते. म्हणून ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ही वाटी रोज, म्हणजे दर आठ-दहा तासांच्या कामानंतर तपासायला सांगितलेले असते. आमच्या मामांच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतही ते असणारच. आम्ही ती उघडली नव्हती.

वाळवंटातले धडे

दुसऱ्या महायुद्धाने हा प्रश्न शेतातून रणांगणात नेला. ब्रिटनच्या स्पिटफायर विमानांना उत्तर आफ्रिका आणि माल्टाच्या धुळीत उतरायचे होते. त्यासाठी त्यांच्या नाकाखाली व्होक्स कंपनीचा मोठा फिल्टर बसवला गेला. मार्च १९४२ मध्ये माल्टाला पोचलेल्या पहिल्या स्पिटफायरना ही फुगीर हनुवटी होती. इंजिन वाचले, पण हवेला होणाऱ्या अडथळ्यामुळे विमानाचा वेग घटला. पुढे इजिप्तमधल्या अबुकीर इथल्या विमानदुरुस्ती केंद्रात अधिक आटोपशीर फिल्टर तयार करण्यात आला. कण अडवायचे तर हवेलाही थोडे अडवावे लागते, हा हिशेब इथे जीवनमरणाचा होता.

त्याच वर्षी सोव्हिएत संघाने आपला प्रसिद्ध टी-३४ रणगाडा अमेरिकेला तपासणीसाठी दिला. मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीन इथल्या चाचण्यांत त्याच्या चिलखताचे आणि आराखड्याचे कौतुक झाले. पण त्याच्या एअर क्लीनरवर कडक टीका झाली. धूळ आत जाऊन इंजिन निकामी झाले होते. नंतरच्या टी-३४ रणगाड्यांवर ‘सायक्लोन’ जातीचे सुधारलेले एअर क्लीनर बसवले गेले. इतका मोठा रणगाडा, आणि त्याचे आयुष्य ठरवत होता एक डबा!

कण अडकतो कसा?

युद्धाच्या काळातच कापसाविषयीच्या त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर गणितात बसू लागले. विषारी वायूंच्या मुखवट्यांसाठी अमेरिकेत संशोधन चालू होते आणि १९३२चा रसायनशास्त्राचा नोबेल मिळवणारा अर्व्हिंग लँगम्यूर त्यावर काम करत होता. त्याच्या आणि त्याच्यानंतरच्या संशोधकांच्या कामातून आज जे चित्र उभे राहिले आहे ते असे.

तंतूंच्या जंगलातून हवा वळणे घेत जाते. मोठे कण वळणावर वळू शकत नाहीत आणि जडत्वामुळे तंतूवर आदळतात. मधले कण हवेबरोबर वळतात, पण तंतूच्या फार जवळून जाताना त्यांची कड तंतूला लागते आणि ते चिकटतात. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटतात, म्हणजे ब्राउनीय गती दाखवतात, आणि भरकटता भरकटता तंतूला जाऊन लागतात. म्हणजे मोठा कण एका कारणाने पकडला जातो आणि अतिसूक्ष्म कण दुसऱ्याच कारणाने! सर्वांत जास्त निसटतात ते यांच्या मधले, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रोमीटरचे. लँगम्यूरच्या गणितात हा आकडा ०.३ मायक्रोमीटर आला होता. म्हणूनच उत्तम प्रतीच्या फिल्टरची परीक्षा आजही बहुधा ०.३ मायक्रोमीटरच्या कणांवर घेतात.

आता कापसाच्या फटी मोठ्या असूनही कण का अडकतात ते कळते. फिल्टर कणांना भोकावर थांबवत नाही, तंतूवर पकडतो. आणि पकडायचे म्हटले की चिकटपणा आला. वेगाने आलेला मोठा कण कोरड्या तंतूवर आदळून चेंडूसारखा उसळू शकतो, पुन्हा हवेत शिरू शकतो. तंतूवर तेलाचा थर असेल तर तो रुततो. शिवाय तेल तंतूवरून धुळीत झिरपते आणि अडकलेला कण स्वतःच पुढच्या कणासाठी चिकट तंतू बनतो. म्हणून थोडा वापरलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा धूळ जास्त चांगली अडवतो. अर्थात हवेला होणारा अडथळाही वाढत जातो, आणि तो फार वाढला की सफाईची वेळ येते.

कागद आला, कापूस परतला

१९५०च्या दशकात मोटारींमध्ये घड्या घातलेल्या कागदाचे फिल्टर येऊ लागले. कागदावर रेझिनची प्रक्रिया केलेली असते आणि घड्यांमुळे थोड्या जागेत पुष्कळ क्षेत्रफळ मिळते. तेलाच्या वाटीचा फिल्टर इंजिन मंद चालताना कमी पडतो, कारण हवेच्या झोताला जोर नसतो. कागदाला ही अडचण नाही. तो हलका, स्वस्त, आणि मुख्य म्हणजे त्याची रोज आठवण ठेवावी लागत नाही. जुना झाला की फेकायचा, नवा घालायचा. पुढच्या काही दशकांत मोटारींतून तेलाची वाटी गेली. ट्रॅक्टरमध्ये मात्र ती पुष्कळ काळ टिकली.

कापूस परत आला तो शर्यतींच्या वाटेने. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात मोटरसायकलींचे विक्रेते असलेल्या केन जॉनसन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड यांनी तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर बाजारात आणला. त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘के अँड एन’ हे नाव पडले. तो काळ वाळवंटातल्या शर्यतींचा होता. मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पातली प्रसिद्ध लांब पल्ल्याची शर्यत १९६७ मध्ये सुरू झाली. हवा मोकळी यावी, धूळ अडावी आणि फिल्टर धुऊन पुन्हा वापरता यावा, ही शर्यतवाल्यांची गरज होती. मोकळ्या हवेची किंमत मात्र असते. चांगला कागदी फिल्टर सहसा सुती जाळीपेक्षा बारीक धूळ जास्त अडवतो. हा फरक टक्क्यांत लहान दिसतो, पण फसवा असतो. समजा एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ टक्के. फरक दोनच टक्क्यांचा वाटतो. पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी देणेघेणे नाही, त्याचा संबंध आत आलेल्या धुळीशी. पहिल्यातून शंभरातला एक भाग आत जातो, दुसऱ्यातून तीन. म्हणजे धूळ तिप्पट!

सूचनांमागचे शास्त्र

आता धुण्याजोग्या फिल्टरच्या सफाईच्या सूचना वाचू, म्हणजे वरचा सगळा इतिहास त्यात सापडेल.

फिल्टर वारंवार धुऊ नका. धुळीतून धातूची जाळी अजून दिसत असेल तर घाई नाही, असे उत्पादक सांगतात. कारण आपण पाहिलेच, धुतलेला फिल्टर त्या क्षणी सर्वांत दुबळा असतो.

धुताना ठरलेले द्रावण दोन्ही बाजूंनी फवारून दहा मिनिटे ठेवा, पण वाळू देऊ नका. द्रावण चिकट तेलाला सोडवते आणि तेलाबरोबर धूळ सुटते. द्रावण वाळले तर सुटलेली धूळ पुन्हा तंतूंवर बसते. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नका. कडेच्या रबरी पट्टीला ते अपायकारक असते. ती पट्टी फुगली, कडक झाली की हवा फिल्टरमधून न जाता बाजूच्या फटीतून जाते, आणि मग आतला फिल्टर कितीही उत्तम असला तरी व्यर्थ.

पाणी थंड आणि कमी दाबाचे घ्या, आणि ते स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे सोडा. धूळ ज्या वाटेने आली त्याच वाटेने परत जायला हवी. उलट बाजूने पाणी मारले तर ती आणखी खोल, इंजिनाच्या बाजूला ढकलली जाते. नंतर फिल्टर सावलीत आपोआप वाळू द्या. कंप्रेसरची हवा मारू नका, हीटरपुढे धरू नका. हवेच्या झोताने तंतू सरकतात आणि मोठ्या फटी पडतात. उष्णतेने कापूस आटतो.

आणि शेवटी, पूर्ण वाळल्यावर तेल लावा. प्रत्येक घडीवर, पातळ आणि सारखे. या तेलात रंग घातलेला असतो, तो कुठे पोचला आणि कुठे नाही हे दिसावे म्हणून. वीसेक मिनिटांत तेल कापडात पसरते. फिकट राहिलेल्या जागी थोडे आणखी लावायचे. तेल कमी, तर धूळ आत. तेल जास्त, तर हवेला अडथळा, आणि उडालेले तेल इंजिनाकडे जाण्याचा धोका. पुष्कळ आधुनिक मोटारींत आत जाणारी हवा मोजण्यासाठी एक तापलेली बारीक तार असते. जितकी हवा जास्त तितकी तार जास्त निवते, आणि त्यावरून इंधन किती सोडायचे ते ठरते. त्या तारेवर तेल बसले तर मोजमाप चुकू शकते. म्हणजे वाटीतली ऑइलची खूण गेली, पण कमी नको आणि जास्तही नको हा नियम तसाच राहिला.

कागदी फिल्टरला यातले काहीच लागू नाही, हेही सांगायला हवे. तो धुऊ नये, त्याला तेल लावू नये. गॅरेजमध्ये कंप्रेसरची हवा मारून तो ‘साफ’ करण्याची पद्धत आहे. जोराच्या झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडू शकतात. फिल्टर दिसतो स्वच्छ, पण धुळीला वाट मोकळी झालेली असते.

असाच अनुभव २०२० मध्ये करोनाच्या साथीत मुखवट्यांबाबत आला. एन-९५ मुखवट्याच्या तंतूंवर कायमचा विद्युतभार दिलेला असतो, तो कणांना ओढून घेतो. अनेकांनी हे मुखवटे साबणाने धुतले, त्यांवर सॅनिटायझर मारले. मुखवटा स्वच्छ झाला, पण अशा धुण्याने तंतूंवरचा भारच घटतो. आमच्या लख्ख वाटीचीच ही दुसरी गोष्ट.

वर्गात करून पाहा

काचेच्या तीन पट्ट्या घ्या. एक कोरडी ठेवा. दुसरीवर एरंडेल किंवा ग्लिसरीनचा अगदी पातळ हात फिरवा. तिसरीवर तेच जाडसर लावा. तिन्ही पट्ट्या शाळेच्या मैदानाकडच्या खिडकीत उभ्या टेकवून एक दिवस ठेवा. नंतर प्रत्येकीला टिचकी मारा आणि हलकी फुंकर घाला. मग भिंगातून एक चौरस सेंटिमीटरमधले कण मोजा. कोरड्या पट्टीवर किती उरले? जाड थराचे तेल कुठे गेले? मुलांना निष्कर्ष आधी सांगू नका. कवडशात मूठभर खडूची पूड उडवून टिंडॉलच्या झोताचीही ओळख करून देता येईल. पूड मात्र मुलांच्या तोंडासमोर उडवू नका.

आणि शेवटी मुलांना एक प्रश्न विचारा. साफ करणे म्हणजे काय? भांडे साफ करताना आपण त्याला चिकटलेले सगळे काढतो, कारण भांड्याचे काम त्याच्या आकाराने होते. फिल्टर साफ करताना आधी विचारावे लागते, की याचे काम नेमके कशाने होते? तेवढे ठेवायचे, किंवा काढले तर परत घालायचे. मामांनी पुढच्या सुट्टीत वाटीचे काम पुन्हा आमच्याकडेच दिले. त्या वेळी मात्र ते ऑइलचा डबा हातात घेऊन शेजारी उभे राहिले, आणि ऑइल खुणेला टेकेपर्यंत तिथून हलले नाहीत.